हुकूमनामा मिळाला, पैसे कसे वसूल करायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या द्राक्षांचे पैसे एका व्यापाऱ्याने बुडवले. नाशिकच्या दिवाणी कोर्टात निकाल वडिलांच्या बाजूने लागला, तरी तो दमडी देत नाही. दरखास्त (निकालाची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज) टाकली. बेलीफ (कोर्टाचा कर्मचारी) जप्तीला गेला तर गाळ्यात रिकामे क्रेट आणि जुना वजनकाटा; गाळा म्हणे बायकोच्या नावावर! दरखास्तीला 12 वर्षांची मुदत असते, पण ती फक्त दाखल करायला, पैसे कधी हातात येतील याला नाही. वडील थकलेत हो, त्यांच्या हयातीत पैसे मिळायला हवेत.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 41 खाली त्याच्याकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागता येतं. कोणी मागितलंय का? बँक खात्याची माहिती कशी काढलीत? दिवाणी कैदेसाठी (पैसे देत नाही म्हणून तुरुंगात टाकायला) ऐपत असूनही देत नाही हे दाखवावं लागतं. दारात नवी गाडी उभी आहे, तिचे फोटो चालतील का?