काजूची बागही नकाशावर जंगलच! मग रानाची तब्येत मोजायची कशी?

रानवाट: भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात किमान एक हेक्टर जागेवर झाडांचं छत्र १० टक्क्यांवर गेलं की ते वनाच्छादन. त्यात काजूची बाग बसते, आकेशियाची लागवडही बसते. म्हणून जाती मोजा. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती आणि नोंदवही आहेच. मोजायला जमिनीवर चौकटी आखा: झाडांना १०×१० मीटरची, झुडपांना ५×५, गवता-रोपांना १×१. त्यावरून शॅनन निर्देशांक काढा, म्हणजे जाती किती आणि त्यांची संख्या किती समसमान, हे एका आकड्यात सांगणारं सूत्र. निव्वळ काजू असेल तर झाडांचा आकडा सरळ शून्य!

खाडीकाठ: मग आमचं कांदळवन आजारी म्हणायचं का? चौकटीत तिवर, चिप्पी, फार तर कांदळ. खारा चिखल सोसणाऱ्या जातीच मोजक्या. उलट रान तोडलं, उजेड आला की रानमोडी आणि घाणेरी ही परकीय झुडपं घुसतात आणि तुमचा आकडा फुगतो. त्या सूत्राला रानमोडी काय, इथलंच किंजळ काय, सगळं सारखंच.

रानवाट: कांदळवनाची तुलना कांदळवनाशीच करायची हो. आणि परकीय जातींचा रकाना वेगळा ठेवायचा.

कातळसडा: आमच्याकडे मे महिन्यात येऊ नका म्हणजे झालं. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी, डोळ्यांना नुसता कातळ. ऑगस्टमध्ये त्याच एक मीटरात गेंद, तेरडा, सीतेची आसवं.

राईकर: मला यादीचाच भरवसा नाही. आमच्या देवराईत बेहडा, सातवीण, जांभूळ, सगळं जागच्या जागी. पण देवळाचा जीर्णोद्धार झाला, भोवती लादी बसली, उरलेली जागा रोज झाडून लख्ख. खाली एक रोप नाही. मोजणीवाले बहुधा छातीच्या उंचीवर ३० सेंटिमीटरच्या पुढचा घेर असेल तेच झाड धरतात, म्हणजे कागदावर राई ठणठणीत! जात कुठली ते लिहाच, पण तिची पोरं किती तेही लिहा. नाहीतर म्हाताऱ्यांची शिरगणती करून गाव भरलंय म्हणण्यातली गत.

मालकीरान: मोजून रान वाचता काय? तोडलंय नाय तर पैसे कोण देतलो? आणि तोडल्यार फुटवे येतत मा.

राईकर: येतात, दादा. म्हणूनच ऐन-किंजळ यादीत टिकतात. पण फुटवा मोठा होऊन बी धरायच्या आत पुन्हा कोयता लागतो. जुनं खोड कधीतरी मरणारच, मग त्या जागी येणार काय?

मालकीरान: बियाक दोन झाडां ठेवीन. बाकीचा तोडूचाच लागतला.