पुढच्या कातडीला चिरा आणि आग, ट्यूबने तेवढ्यापुरतं जातं

घाटातला_टेम्पो
मंडळी नमस्कार. या प्रश्नासाठी वेगळा आयडी काढलाय, समजून घ्या. वय ४३, राहायला नाशिकच्या सिडकोत. टोमॅटोचा सीझन चालू आहे, पिंपळगावहून क्रेट भरायचे आणि रात्रीत वाशी मार्केट गाठायचं. खालून इंजिनची धग, सीटला रेक्झिन, कसारा घाट उतरेपर्यंत चड्डी घामाने चिकटलेली असते.

गणपतीपासून लघवीच्या जागेच्या पुढच्या कातडीच्या कडेला बारीक चिरा पडल्यात. कातडी मागे घेतली की तडतडतं, आत लाल झालंय आणि पांढरा थर साचतो. लघवीचा थेंब लागला की जाळ होतो. मेडिकलमधून एक ट्यूब आणली. लावली की एकदम साफ, बंद केली की आधीपेक्षा जास्त. आता कातडी मागे जायलाच नको म्हणते. येता-जाता ढाब्यावर साबणाने घासून धुतो, तरी हे असं.

बाहेरचं काही लफडं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण आता बायकोलाही खाज सुटलीय आणि ती माझ्याकडे बघते ती नजर काही बरी नाही. डॉक्टरला दाखवावं का? आणि दाखवायचं तर कोणाला?

पंचवटी_कट्टा
भाऊ, टेन्शन नको घेऊ. पाण्यात झाकणभर डेटॉल टाकून धू आणि वरून टाल्कम मार. आमच्या तालमीत सगळे हेच करतात.

काउंटरवरून
कट्टेकर, डेटॉल फरशीला ठेवा. चिरलेल्या कातडीला ते भाजून काढेल, आणि पावडर ओलाव्यात गोळा होऊन आतच बसेल.

भाऊ, माझं मेडिकल आहे, म्हणून लिहितोय. तुमच्यासारखं गिऱ्हाईक शटर अर्धं खाली आल्यावर येतं. आधी डोकेदुखीची गोळी मागतं, बाकीचे पांगले की हळूच म्हणतं, "मित्राला खाजेची ट्यूब हवी होती." ती ट्यूब घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन असलं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉईड आहे. त्याने लाली आणि खाज दबते, पण तुमचं हे बहुधा बुरशीचं आहे, आणि ती खाली आरामात वाढते. म्हणून थांबवलं की उसळतं. त्वचेवर लावायची अशी बरीच स्टेरॉईडं २०१८ साली शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. देतात, ते सोडा. (कातडी घट्ट झाली तर डॉक्टर स्वतः स्टेरॉईड देतात. पण ते बघून, मोजून, ठरावीक दिवस.)

साबण आजपासून बंद. ती आतली कातडी तोंडातल्या कातडीइतकी नाजूक असते, घासाल तितकी फाटेल. दिवसातून एकदा साधं कोमट पाणी. कातडी सहज जाईल तेवढीच मागे, धुवायचं, मऊ कापडाने टिपायचं आणि कातडी परत पुढे आणायची. हे पुढे आणायचं विसरू नका. मागेच अडकून सुजली तर टोकाचा रक्तपुरवठा अडतो. तसं झालं तर सकाळची वाट बघायची नाही, तडक कॅज्युअल्टी गाठायची.

आता माझी खरी शंका. चिरा, पांढरा थर, पुन्हा पुन्हा तेच, चाळिशी उलटलेली आणि दिवसभर स्टिअरिंगवर. साखर कधी तपासलीय का? रक्तात जास्त झाली की ती लघवीत उतरते, आणि बुरशीला आयतं खाणं मिळतं. रात्री लघवीसाठी गाडी जास्त वेळा बाजूला घ्यावी लागते का? पाण्याची बाटली कसाऱ्याआधीच संपते का? उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर, नाहीतर एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.५ किंवा वर आलं, तर तो डायबेटीस समजतात. अशा गिऱ्हाइकाला मी ट्यूबच्या आधी लॅबचा पत्ता देतो. बरेच जण चिडतात.

वहिनींना खाज सुटली म्हणून लफडं सिद्ध होत नाही. ही बुरशी बाहेर न जाताही होते आणि नवरा-बायकोत एकमेकांना लागू शकते. त्यांनीही दाखवावं, आणि दोघं बरे होईपर्यंत संबंध टाळा.

न दुखणारा व्रण, लघवीच्या तोंडातून पू, जांघेत गाठ, दोन आठवड्यांत न भरणारी जखम: यातलं काही असेल तर घरी थांबूच नका. आणि गोटीत (अंडकोषात) अचानक जीवघेणी कळ आली तर ते वेगळंच प्रकरण. पीळ बसलेला असू शकतो, साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं तर गोटी वाचते.

डॉक्टर म्हणजे त्वचारोगवाले. स्टँडच्या भिंतीवरचे "खात्रीशीर इलाज" नव्हेत. पैशाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे. कुणाशी नाव न सांगता बोलायचं असेल तर एड्सची १०९७ हेल्पलाइन गुप्तरोगांबद्दलही सांगते, फोन फुकट आहे.

निफाडचा_बागवाला
साखरेच्या मुद्द्यात भर. मला डायबेटीस जुना. डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन ही साखरेची गोळी सुरू केली आणि थोड्याच दिवसांत सेम हेच. ती गोळी साखर लघवीवाटेच बाहेर काढते, मग तिथे बुरशी धरते. मी मनाने बंद केली नाही, त्यांनीच बदलून दिली.

दुसरं, आम्ही लघवी झाल्यावर हात धुतो. छाटणीनंतर द्राक्षबागेत पेस्टिंग केलं (डोळे फुटायला काडीला औषध लावलं) की हाताला ते जहाल हायड्रोजन सायनामाइड असतं, ते तसंच तिकडे लागलं की काय होतं ते आमच्या गड्यांना विचारा. तुमच्या हाताला डिझेल, ग्रीस. हात आधी धुवा, नंतरचं नंतर.

काउंटरवरून
बागवाले बरोबर बोलले. एम्पाग्लिफ्लोझिनचंही तेच. मार्च २०२५ मध्ये तिचं पेटंट संपलं, दर कोसळले, आता रोज चिठ्ठ्यांवर दिसते. धुऊन कोरडं ठेवायचं, हे सांगायला मात्र सगळेच लाजतात.

घाटातला_टेम्पो
बाटली इगतपुरीलाच संपते. उद्या गाडी लावून उपाशीपोटी रक्त देतो. पण एक अडचण आहे. सिव्हिलला केसपेपरच्या खिडकीवर आमच्या गल्लीतल्या ताई बसतात. त्यांना काय सांगू?

काउंटरवरून
"स्किन" म्हणा, बास. ती अर्धी लाइन गजकर्णाचीच असते, कोणी विचारत नाही. आत गेल्यावर मात्र "खाली खाज आहे" एवढ्यावर थांबू नका, दाखवा. न बघता कोणी लिहून दिलं तर "साहेब, एकदा बघून घ्या" म्हणा. त्या दिवशी सकाळी काही लावू नका आणि ती चेपलेली ट्यूब खिशात घालून न्या, नाव आठवत बसायला नको.