टीप नक्की कोणाला आणि कशी द्यायची?

हॉटेलातल्या वेटरचं ठीक आहे. बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वेगळी टीप देत नाही, नसेल तर देतो. अडतंय ते बाकीच्यांपाशी: घरपोच सामान आणणारा, केस कापणारा, कपाट जिन्याने वर चढवणारे दोघे.

ॲपवरून देऊन पाहिली, पण ती पूर्ण त्याच्याच हातात पडते का ते कळेना. म्हणून रोख सुरू केली. तर परवा नळ दुरुस्त करायला आलेल्याने घडी घातलेली नोट माझ्याच हातात परत ठेवली. "मजुरी मिळाली की!" मीच ओशाळलो. धंदा त्याचा स्वतःचा, दरही त्यानेच सांगितलेला. अशा माणसाला टीप देणं म्हणजे त्याला कमी लेखणं होतं का?

खिशात दर वेळी सुटे नसतात, आणि कामाआधी देणं मला लाच दिल्यासारखं वाटतं. "मनाला येईल तेवढं द्या" हे उत्तर कृपया नको, तेच करून फसलोय. तुम्ही स्वतः काय करता ते सांगा. दोघांनी मिळून काम केलं तर एकाकडे देता की वेगवेगळी? आणि रोज येणाऱ्याला दर खेपेला, की महिन्यातून एकदाच?