मदत हवी आहे : पर्माफ्रॉस्ट वितळल्यावर कोरडी माती जास्त घातक की ओली?

नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी शाळेच्या विज्ञान मंडळात पर्माफ्रॉस्टवर (वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीवर) बोलायचं कबूल करून बसलोय आणि एका जागी गाडी अडलीय.

उत्तरेकडच्या त्या गोठलेल्या पट्ट्यातल्या मातीत सुमारे १.५ लाख कोटी टन कार्बन आहे, हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. हजारो वर्षांपूर्वीची मुळं, पानं, शेवाळ, थंडीमुळे कुजायचं राहून गेलेलं. माती वितळली की सूक्ष्मजीव जेवायला बसतात. हवा खेळती असेल तर कार्बन डायऑक्साइड, पाणी साचलं तर सोबत मिथेनही. परसात खतखड्डा आणि गोबरगॅस शेजारी शेजारी असल्याने इथवर सगळं कळलं.

पण २०१६ साली २५ प्रयोगांचा एकत्र हिशोब छापून आला. त्यात पाणी साचलेल्या मातीपेक्षा कोरड्या, हवेशीर मातीतून ३.४ पट कार्बन बाहेर पडलेला. मिथेन जास्त उष्णता अडवतो हे धरूनही ती २.३ पट पुढेच. मी ‘कोरडी जास्त घातक’ अशी स्लाइड करून मोकळा झालो. मग २०१८ चा निबंध हाती आला : सैबेरियातल्या लेना नदीच्या मुखाजवळची माती, सात वर्षं बाटल्यांत ठेवलेली, आणि निष्कर्ष नेमका उलटा! फरक मातीत आहे की मोजण्यात? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
दादा, उत्तर तुमच्या परसातच आहे. नवा गोबरगॅस पहिल्याच दिवशी पेटला होता का? जुन्या टाकीतली स्लरी विरजण म्हणून घालावी लागली असेल. मिथेन तयार करणारे आर्किया (हे जिवाणू नव्हेत, वेगळाच गट) खोल मातीत मोजकेच उरलेले असतात आणि वाढतातही रमतगमत. थोड्या दिवसांचा प्रयोग त्यांचं बस्तान बसायच्या आतच आटोपतो. लेनाच्या मातीत ते रुळायला काही वर्षं गेली. रुळल्यावर मात्र मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड जवळपास सारखेच निघाले.

आणि बाटली म्हणजे दलदल नव्हे. वरचा थर कोरडा असला तर तिथले मिथेनखाऊ जिवाणू बराच मिथेन वाटेतच फस्त करतात. उलट लव्हाळ्याच्या कुळातलं गवत माजलं की त्याच्या पोकळ दांड्यांतून तो थेट वर येतो, भातखाचरात येतो तसाच.

धागाकर्ता
विरजण डोक्यातच आलं नाही! आमचाही पहिले पंधरा-वीस दिवस नुसता फुसफुसत होता, काडी लावली तरी पेटेना. स्लाइड बदलतो. पण पोरं विचारणारच : हे जीव इतकी वर्षं गोठून मेले कसे नाहीत?

प्रतिसाद २
सगळं पाणी गोठत नाही म्हणून. मातीच्या कणांभोवती खारट पाण्याचा पातळ पापुद्रा शून्याखालीही द्रव राहतो. काही जीव त्यात अगदी मंद गतीने जगतात, काही बीजाणू होऊन पडून राहतात. मरणारेही पुष्कळ असतात. मिठाच्या पाण्याची वाटी आणि साध्या पाण्याची वाटी फ्रीजरमध्ये ठेवून दाखवा.