मदत हवी आहे: घरातली पहिली पदवीधर, आता मास्टर्ससाठी पैशांचं काय?

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. आई-बाबा सांगलीकडचे, दोघंही दहावीपर्यंत शिकलेले. बाबा किराणा दुकानात कामाला आहेत. येत्या मे महिन्यात मी पदवीधर होईन, घरातली पहिलीच! आईने आतापासूनच माझ्यासाठी पैठणी काढून ठेवलीय.

मला सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करायचंय. पदवीला पेल ग्रँटचा (कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करायची सरकारी मदत) मोठा आधार होता, पण ती मास्टर्सला मिळत नाही. फाफ्सा अर्जात (शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीचा अर्ज) मास्टर्सला आई-बाबांचं उत्पन्न दाखवावं लागत नाही, एवढं कळलं. टीचिंग असिस्टंटशिपसाठी (विद्यापीठात शिकवायला मदत करण्याचं पगारी काम) थेट प्राध्यापकांना ईमेल करायची की विभागाला? प्रवेश अर्जाची फी माफ होते का? घरी विचारायला कुणीच नाही. आणि बाबांना, अजून दोन वर्षं माझा पगार येणार नाही, हे कसं सांगू?