वॉचडॉगला खाऊ कोण घालतंय ते आधी बघा

सतत चालू राहणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) रिबूट टाकला की वॉचडॉगची गरज नाही असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही, कारण कर्नलच (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अडकलं तर क्रॉन चालणार कुठून? वॉचडॉग म्हणजे हार्डवेअरमधला वेगळा काउंटर, ठरलेल्या वेळात सॉफ्टवेअरने 'मी चालू आहे' असं कळवलं नाही (यालाच त्याला खाऊ घालणं म्हणतात) की तो सरळ रीसेट मारतो.

१९९४ साली अमेरिकेच्या क्लेमेंटाइन यानाचं चंद्रावरचं काम उरकलं होतं, पुढे जिओग्राफोस लघुग्रहाकडे जायचं होतं, पण ७ मे ला सॉफ्टवेअर अडकलं आणि थ्रस्टर (यानाची दिशा सांभाळणारी छोटी इंजिनं) ११ मिनिटं चालूच राहून त्यांचं इंधन संपलं. प्रोसेसरमध्ये वॉचडॉग होता हो, पण वापरलाच नव्हता! वाचून खरंच हळहळ वाटते.

मी गावी शेतातल्या टाकीची पातळी बघायला रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) लावलाय, त्याचा वॉचडॉग टायमर जेमतेम १५ सेकंदांचा. सुरुवातीला त्याला खाऊ घालायला वेगळी स्क्रिप्ट ठेवली होती, मग झालं असं की मुख्य प्रोग्राम सेन्सर वाचताना लटकला आणि स्क्रिप्ट मात्र मस्त चालू, त्यामुळे रीसेट काही झालाच नाही, दोन दिवस रीडिंग नाही. आता सेन्सर वाचून फाइलमध्ये आकडा लिहिला गेला तरच त्याच लूपमधून टायमरला कळवतो.

आणि रूट पार्टिशन (मेमरी कार्डवरचा मुख्य सिस्टिमचा भाग) रीड-ओन्ली करा, म्हणजे त्यावर काही लिहिलं जाणार नाही, कारण लिहिताना अचानक रीसेट झाला तर कार्ड करप्ट होऊ शकतं.