चर्चा: पऱ्हाटीच्या धुराने आम्लवर्षा होते का? तूर कशाने जळते?

वावरधुरा
सध्या गावोगावच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आहे: "शेतकरी पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कपाशीची झाडं) आणि धुरे (शेताचे बांध) पेटवतात, तो धूर धुवारीत (धुक्यात) मिसळतो, त्याचं ॲसिड होतं आणि त्यानेच तूर जळते." पुरावा म्हणून टिनावरून गळालेल्या पावसाच्या पाण्यात बुडवलेल्या पट्टीचा फोटो. पीएच (आम्लतेचं माप, ७ च्या खाली आम्ल) ५.

स्वच्छ हवेतल्या पावसाचाही पीएच ५.६ च्या आसपास असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो. एकेका अंकाने रंग बदलणाऱ्या पट्टीवर ५ आणि ५.६ वेगळे ओळखता येत नाहीत. त्यात पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी, की पट्टीतल्या रंगानेच आकडा सरकतो. मोजायचंच असेल तर प्लास्टिकचं भांडं डिस्टिल्ड वॉटरने धुवा, जमिनीपासून उंच ठेवा, झाडाखाली किंवा पागोळीखाली नको, आणि पाऊस सुरू झाल्यावरच झाकण काढा. पीएच मीटर आधी ४ आणि ७ च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणावर) लावून घ्या. पहिल्या सरीचं पाणी वेगळ्या बाटलीत ठेवा. आपल्याकडच्या धुळीत चुना असतो, तो पहिल्या सरीतलं आम्ल मारतो, त्यामुळे पुढच्या सरींचा आकडा बहुधा खाली येतो.

आणि पऱ्हाटी? तिच्यात गंधक नावापुरतं. राख क्षारीय, पोटॅशची. पाऊस आम्ल करतो तो मुख्यतः सल्फर डायऑक्साइड, आणि तो येतो कोळशातून. वीजकेंद्राचा ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर तासाला साधारण ३५० टन कोळसा खातो, म्हणजे दिवसाला ८,४०० टन. त्यात अर्धा टक्का गंधक धरलं तर ४२ टन, आणि जळल्यावर वजन दुप्पट होऊन ८४ टन सल्फर डायऑक्साइड. चंद्रपूरला असे पाच संच आहेत, शिवाय २१० चे दोन. हे सोडून माणसं एकरभर पऱ्हाटी जाळणाऱ्याचा फोटो टाकतात, याचा मला संताप येतो.

निंबाची सावली
ती पोस्ट मीही पुढे पाठवली होती, म्हणून उत्तर देते. ॲसिडचा भाग बाजूला ठेवा. एक टन काडीकचरा उघड्यावर जळला की साधारण ६ किलो पीएम २.५ (फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण) हवेत जातं. पऱ्हाटी एकरी टनभर निघते. जानेवारीच्या संध्याकाळी जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असते, धूर वर जात नाही, गावावरच बसतो. वीजकेंद्राची चिमणी २७५ मीटर उंच आहे, तुमच्या धुऱ्यावरचा धूर माणसाच्या नाकाच्या उंचीवर. कोळशाकडे बोट दाखवलं म्हणून हा धूर निर्मळ होत नाही.

पांढरं सोनं
ताई, काहून जाळतो थे तर इचारा. कृषी विभागच सांगते, डिसेंबरनंतर फरदड (तेच कपाशीचं पीक पुढं लांबवणं) घेऊ नका, पऱ्हाटी वावरात उभी ठेऊ नका. गुलाबी बोंडअळी न उघडलेल्या बोंडात झोपून रायते आन् पाऊस पडला का पतंग होऊन निंगते. पऱ्हाटी सरपणाले घरामागं रचून ठेवली तरी अळी गावातच रायली. मंग जाळाचं नाही, ठेवाचं नाही, तर कराचं काय?

श्रेडरवाला
कुट्टी करायची. ४५–५० एचपीच्या ट्रॅक्टरवर कपाशीचा श्रेडर चालतो, पण वेळ चुकली की सगळं चुकतं. शेवटच्या वेचणीनंतर लगेच, बुडखा ओला असतानाच चालवा. फेब्रुवारीत लाकूड वाळून कडक होतं, पाती बोथटतात, तुकडे लांब पडतात. चिमट्याने उपटलेली पऱ्हाटी टाकत असाल तर मुळाची माती झटका, ढेकळातला खडा पात्याची धार घालवतो. उभ्यावरच चालवलं तर खुंट राहतात, ते ट्रॅक्टरच्या टायरात घुसतात, म्हणून मागून रोटाव्हेटर लागतोच.

पांढरं सोनं
दोन एकरवाल्याच्या वावरात श्रेडर येते कवा? मोठ्याईचं झाल्यावर, फेब्रुवारीत. तवाच तर तुमी म्हणता पाती बोथटतात.

काळीची पोत
श्रेडरवाल्यांनी अर्धंच सांगितलं. पऱ्हाटीची कुट्टी तशीच मातीत गाडली तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. ढीग लावा. उसाच्या पाचटाला टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं संवर्धक लागतं, तेच इथे वापरा. ओल एवढी हवी की मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. पऱ्हाटी पाचटापेक्षा चिवट असते, म्हणून दर महिन्याला ढीग उलटा आणि पाणी मारा. ढीग आतून ५५–६० अंशांपर्यंत तापला की अळी मरते. कडेचा थर मात्र गार राहतो, तो उलटताना आत गेलाच पाहिजे, नाहीतर अळी तिथेच वाचते.

पांढरं सोनं
उन्हाळ्यात ढिगाले पाणी मारा! आमच्याकडं पेवाले टँकर येते. कागदावरची शेती करू नका, सायेब.

काळीची पोत
पाणी नसेल तर शेवटच्या वेचणीनंतर वावरात शेळ्या-मेंढ्या बसवा. हिरवी बोंडं, पाला सगळं खातात, अळी त्यातच संपते. हीही शिफारसच आहे आणि तिला पाणी लागत नाही. खाली पडलेली किडकी बोंडं तेवढी वेचून जाळा. पाटीभर बोंडं जाळणं आणि एकरभर पऱ्हाटी जाळणं यात किती अंतर आहे, ते धुरातच दिसेल.

पांढरं सोनं
मेंढ्यायचं पटते. थे सांगाले एवढा धागा कायले लागला?

तुराटी
सगळे पऱ्हाटीतच अडकले, तूर राहिली. धुवारी पडली की ओल फुलात थांबते, बुरशी धरते, फुलं गळतात, आणि आभाळी हवेत शेंग पोखरणारी अळी वाढते. शेंडे थंडीने करपतात ते वेगळं. झाड पूर्ण वाळलं असेल तर खोड उभं चिरा: सालीखाली लाकडात तपकिरी-काळ्या रेषा वर चढलेल्या दिसल्या तर ती मर, जमिनीतली बुरशी. तिचा हवेशी संबंध नाही. सल्फर डायऑक्साइडचा मार असता तर पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पांढुरका-तपकिरी झाला असता, आणि एकट्या तुरीवर नाही, वाऱ्याच्या दिशेने धुऱ्यावरच्या झाडांवरही.
उलट कडाक्याच्या थंडीत पीक वाचवायला रात्री धुऱ्यावर ओला कचरा धुमसवून धूर करा, असा सल्ला शास्त्रज्ञच देतात. त्याच धुराने तूर जळते असं कसं म्हणता?

निंबाची सावली
एका रात्रीचा धूर वेगळा, महिनाभराचा वेगळा. धुराचे कण धुवारीच्या थेंबांना बीज पुरवतात. थेंब बारीक आणि जास्त होतात, धुवारी दाट होते, उशिरा फाटते, ऊन कमी मिळतं. फुलांवर ओल जास्त वेळ राहते असं तुम्हीच म्हणता, मग ती राहण्यात धुराचाही वाटा आला.

तुराटी
वाटा असेल. ॲसिड नाही.

सिहारवाला
तुम्ही सगळे काळ्या जमिनीचे. काळीत चुनखडी असते, पीएच ८ च्या आसपास, तिच्यावर कितीही आम्ल पाऊस पडो. स्वीडन-नॉर्वेची तळी मेली कारण तिथल्या ग्रॅनाइटात चुना नव्हता. पण चंद्रपूरच्या पूर्वेला मूल, सिंदेवाही, गडचिरोलीकडे सिहार, खरडी अशा हलक्या जमिनी आहेत, त्यांत चुना नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, म्हणजे चिमणीचा धूर पावसात आमच्याच अंगावर. या पट्ट्याचं नावही कोणी घेत नाही.

काळीची पोत
दिशा बरोबर. पण धानाच्या बांधीत पाणी उभं राहिलं की जमिनीचा पीएच आपोआप ६.५–७ कडे सरकतो. काळजी करायची तर बांधीची नाही, पडीक टेकड्यांची, जंगलाची आणि बोड्यांची (लहान तळ्यांची) करा. शिवाय आपल्या बऱ्याच जमिनीत गंधक कमी आहे, सोयाबीनला हेक्टरी २०–३० किलोची शिफारस आहे, पावसातून थोडं मिळतं.

सिहारवाला
फुप्फुसातून गेलेल्या गंधकाचा हिशेब कोण लावणार? सल्फर डायऑक्साइडचं हवेत सल्फेट होतं आणि ते पीएम २.५ मध्येच मोजलं जातं. म्हणून "सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे" हे उत्तर मला चालत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये वीजकेंद्रांच्या धुराच्या मर्यादा ठरल्या, मुदती पुढे पुढे गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक संचांना एफजीडीतून (धुरातला सल्फर डायऑक्साइड पकडणारी यंत्रणा) सूटच मिळाली. दहा लाख वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आत असाल तर २०२७ अखेरची मुदत. अतिप्रदूषित भागाजवळच्यांचं प्रकरण बघून ठरवणार. खेडं यात कुठेच नाही.

वावरधुरा
मूळ मुद्द्यावर आणलंत. एफजीडीत चुनखडीच्या दगडाचं पाणी धुरावर फवारतात, सल्फर डायऑक्साइडचं जिप्सम होतं. वर सांगितलेल्या ८४ टनांपैकी ९० टक्के पकडले तर दिवसाला सुमारे १२० टन चुनखडी लागेल आणि २०० टन जिप्सम निघेल. चुनखडी राजुरा-कोरपन्यात, जिप्सम लागणारे सिमेंटचे कारखाने तिथेच, आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीलाही जिप्समच हवं. सगळं शंभर-दोनशे कोसांत आहे. खर्च परवडत नाही म्हणणाऱ्यांनी हाही हिशेब मांडावा.

निंबाची सावली
मांडा. आणि पऱ्हाटीचाही मांडा. वीजकेंद्रांना कोळशात बायोमासच्या गोळ्या मिसळायची सक्ती आहे. टनभर पऱ्हाटी वावरातून उचलायला, वाळवायला, दळायला शेतकऱ्याला किती मिळणार, हे ठरल्याशिवाय आगपेटी थांबणार नाही. पोस्टमधलं "ॲसिड" मी काढून टाकते, "जाळू नका" ठेवते.

पांढरं सोनं
त्याच्या खाली लिहा, मेंढपाळाले आधी बोलवा. आन् श्रेडर गावात डिसेंबरातच पाह्यजे.